रुळांनी सोडलेली वाट

डोंगरात सायकल चालवणाऱ्याला चढापेक्षा मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती अधिक असते, ही गोष्ट सह्याद्रीतला एखादा घाट सायकलने चढलेला कोणीही मान्य करील. चढ कितीही खडा असला तरी त्याच्याशी तडजोड करता येते. गिअर उतरवता येतो, वेग पायी चालण्याइतका कमी करता येतो, अगदीच दम लागला तर खाली उतरून सायकल हातात धरून चालता येते. ट्रकशी अशी तडजोड होत नाही. ताम्हिणीत किंवा वरंध घाटात आंधळ्या वळणावर मागून हॉर्न वाजला, की एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला पाण्याने खाल्लेली साइडपट्टी आणि मध्ये आपण, एवढेच जग उरते; ज्या डोंगरासाठी पहाटे घर सोडले तो डोंगर त्या क्षणापुरता नाहीसाच होतो. अशा रस्त्यावर सायकलस्वाराचे डोळे पुढे असले तरी कान सदैव मागे लागलेले असतात, आणि दिवसभर कान मागे ठेवून सायकल चालवल्यावर जो शीण येतो तो पायांच्या शिणापेक्षा निराळा आणि अधिक चिवट असतो.

हा शीण नसेल तर डोंगर कसा भेटतो, याचे उत्तर मला आल्प्समध्ये मिळाले. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गहून निघून, आल्प्सची मुख्य रांग ओलांडून, इटलीत एड्रियाटिक समुद्राकाठच्या ग्रादो गावी पोहोचणारा आल्पे-आद्रिया हा सुमारे ४१० किलोमीटरचा सायकलमार्ग आता युरोपभर नावाजलेला आहे. २०१५ साली ॲमस्टरडॅमच्या सायकल व पदभ्रमण प्रदर्शनात त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम सायकलमार्ग म्हणून गौरवण्यात आले. मात्र हा सबंध मार्ग रहदारीमुक्त आहे अशा समजुतीने कोणी निघाले तर त्याची निराशा होईल. ऑस्ट्रियाच्या बाजूला तो कधी नदीकाठच्या वाटेने, कधी कुरणांमधल्या ट्रॅक्टरच्या रस्त्याने, तर कधी सरळ गावाच्या रस्त्यावरून जातो, आणि गास्टाइनच्या खोऱ्यात शिरताना तर मोटारींच्या एका लांब बोगद्यातून कडेकडेने जावे लागते, तेव्हा त्या बंद नळीत घुमणारा आवाज ऐकून आपण ताम्हिणीतच बरे होतो असे वाटते. पण इटलीत शिरल्यावर तारवीझिओपासून वेन्झोनेच्या दिशेने उतरणारा साधारण ६० किलोमीटरांचा जो टप्पा आहे, त्याचा बहुतेक भाग एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून जातो. मला जे लिहायचे आहे ते या टप्प्याविषयी.

तारवीझिओजवळच्या काम्पोरोस्सो खिंडीची उंची ८१० मीटरांच्या आसपास आहे आणि वेन्झोने २३० मीटरांवर वसलेले आहे. साठ किलोमीटरांत सुमारे पावणेसहाशे मीटर उतार, म्हणजे सरासरी शंभर मीटरांमागे एक मीटर. एवढ्या सौम्य उतारावर ब्रेक दाबावा लागत नाही आणि पॅडल मारण्याचा जाचही होत नाही. उलट दिशेने चढत आले तरी कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सामान लादलेली सायकल तक्रार न करता चालत राहते. आल्प्ससारख्या उभ्या पर्वतात, दोन्ही अंगांना दोन-अडीच हजार मीटरांची शिखरे असताना, अशी सपाटी निसर्गतः मिळत नाही. ती खोदून, भराव घालून, पूल बांधून मिळवलेली आहे, आणि सायकलवाल्यांसाठी ती कोणीही मिळवलेली नव्हती.

ती मिळवली वाफेच्या इंजिनासाठी. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचे चाक फार चढ सोसत नाही. शंभराला दोन-अडीच मीटर चढ आला की गाडीला धाप लागते. आपल्याकडे भोर घाटात ३७ मीटरांना एक मीटर इतका चढ आहे आणि म्हणून कर्जतला गाडीला मागून इंजिने जोडावी लागतात. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून पुण्याला जाणाऱ्यांनी तेवढ्या अवधीत फलाटावर बटाटेवडे खाल्ले आहेत. इंजिनाची ही दुर्बलता सांभाळण्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी डोंगराचे प्रत्येक वळण मोजून रेषा आखली. माणसाचे पाय आणि वाफेचे इंजिन यांची कुवत अर्थातच सारखी नाही, पण चढाच्या बाबतीत दोघांचा स्वभाव विलक्षण जुळतो: दोघांनाही लांबचा फेरा चालतो, अचानक आलेली चढण चालत नाही.

ज्या रेल्वेच्या वाटेवरून हा सायकलमार्ग जातो तिचे नाव पोंतेब्बाना. उदिनेहून उत्तरेकडे जेमोनापर्यंत ती १८७५ मध्ये सुरू झाली आणि फेल्ला नदीच्या अरुंद दरीतून वर चढत १८७९ मध्ये पोंतेब्बाला पोहोचली. पोंतेब्बा तेव्हा इटलीचे शेवटचे गाव होते. गावातून वाहणाऱ्या एका ओढ्याच्या पलीकडे ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य सुरू होई, तिथे त्याच गावाचे पोंटाफेल नावाचे दुसरे अर्ध होते, त्याचे स्वतःचे स्थानक होते, आणि पुढची तारवीझिओपर्यंतची लोहवाट ऑस्ट्रियाची होती. पहिल्या महायुद्धानंतर पोंटाफेल आणि वरचे सबंध काणाले खोरे इटलीकडे आले व सीमा वर सरकली. या खोऱ्यात आजही इटालियन, या फ्रिउली प्रांताची फ्रिउलीय, स्लोव्हेनियन आणि जर्मन अशा चार भाषा नांदतात. गावांच्या पाट्या वाचता वाचता सायकल हळू होते, आणि इथे ते परवडते, कारण मागून कोणी हॉर्न वाजवत नाही.

काम्पोरोस्सोची खिंड ही खिंडीसारखी दिसतच नाही. रुंद, हिरवे, जवळजवळ सपाट कुरण, त्यात विखुरलेली घरे, दूरवर कड्यांची रांग, आणि मध्येच कुठेतरी ती अदृश्य रेषा, जिच्या पूर्वेला पडलेला पाऊस गाइल, द्राउ आणि डॅन्यूब नद्यांमधून काळ्या समुद्राला जातो, तर पश्चिमेला पडलेला फेल्ला आणि तालियामेंतोमधून एड्रियाटिकला. महाबळेश्वरच्या माथ्यावर उभे राहिलेल्या कोणालाही पाण्याच्या अशा ताटातुटीचे नवल वाटू नये. तरीही इथे मला ती पायांनी कळली: कुरणात काही काळ पॅडल मारत होतो, मग लक्षात आले की आपण मारत नाही आणि सायकल चालतेच आहे.

तिथून खाली वाट रेल्वेच्या जुन्या आखणीवर येते. रूळ आणि स्लीपर काढून टाकून खडीच्या जागी डांबराची गुळगुळीत पट्टी घातलेली आहे, पण रेल्वे नाहीशी झालेली नाही. वळणांमध्ये ती आहे: सायकलच्या वाटेला शोभतील अशी चिमुकली वळणे इथे नाहीत, लांबच लांब, एकाच त्रिज्येची, गाडीच्या डब्यांना झेपतील अशी वळणे आहेत. ती पुलांमध्ये आहे: फेल्लावरचे लोखंडी पूल शेकडो टन वजनासाठी बांधलेले, आणि आता त्यांच्यावरून जातो तो पंधरा किलोची सायकल चालवणारा एक माणूस. आणि ती बोगद्यांत आहे. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर अंगावर एकदम गार हवा येते, दिव्यांच्या पिवळसर उजेडात दगडी अस्तर दिसू लागते, आणि त्या भिंतीत ठराविक अंतरावर एक-एक माणूस जेमतेम उभा राहील एवढे कोनाडे दिसतात. गाडी आली की गँगमन अंग चोरून त्यात उभे राहत. मी एका कोनाड्यात सायकल बाहेर ठेवून उभा राहिलो. पाठ दगडाला टेकली तरी माझ्या नाकाच्या पुढे हातभरच जागा होती. त्या हातभर अंतरावरून एके काळी मालगाडी धडधडत जात असे. रहदारीमुक्त वाटेवर रहदारीची भीती एवढ्या जवळून कळेल असे मला वाटले नव्हते.

आता प्रश्न असा, की एवढ्या कष्टाने बांधलेली लोहवाट सोडून का दिली. उत्तर कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच खरे आहे: ती एकेरी होती, वळणांची होती, दरडी-हिमलोटांच्या टप्प्यात होती आणि व्हिएन्ना व इटलीच्या बंदरांदरम्यानच्या मालवाहतुकीला अपुरी पडू लागली होती. म्हणून १९९० च्या दशकात डोंगराच्या पोटातून लांबलचक बोगदे काढून नवी दुहेरी लाइन टाकण्यात आली. ती २००० साली पूर्ण झाली आणि जुनी वाट टप्प्याटप्प्याने ओसाड पडली. त्याआधी १९८० च्या दशकात याच दरीतून ए-२३ हा द्रुतगती महामार्ग उंच खांबांवरून गेला होता. त्याच्याही आधीपासून तळाशी जुना राज्यरस्ता होताच.

फेल्लाच्या खालच्या खोऱ्याला कानाल देल फेर्रो, लोखंडाची नाळ, म्हणतात. लोखंडाचा व्यापार पूर्वी या वाटेने चाले. नाळ हा शब्द सह्याद्रीत भटकणाऱ्याला लगेच उमगेल. काही ठिकाणी ही दरी इतकी चिंचोळी होते, की नदी, जुना रस्ता, महामार्ग आणि सायकलवाट एका नजरेत मावतात, आणि नव्या रेल्वेची गाडी त्याच वेळी शेजारच्या डोंगराच्या आतून जात असते, न दिसता. १८०९ साली माल्बोर्गेत्तोच्या गढीत फ्रीडरिश हेन्सेल नावाच्या ऑस्ट्रियन कप्तानाने नेपोलियनच्या सैन्याला काही काळ रोखून धरले आणि तिथेच तो पडला; मूठभर माणसांनी सैन्य रोखावे अशीच ही जागा आहे. पावनखिंडीच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा सायकलवाटेवरची ही शांतता खोऱ्याची शांतता नव्हे. या खोऱ्यातून उत्तर आणि दक्षिण युरोपची अवजड वाहतूक रोज जाते. ती फक्त वर खांबांवर आणि खाली डोंगरात सरकलेली आहे, आणि मधला जो मजला रिकामा झाला तो सायकलींना मिळाला. रहदारीमुक्त सायकलमार्गांची जाहिरात करताना निसर्गाच्या कुशीचा वगैरे जो उल्लेख होतो तो मला म्हणूनच थोडा खटकतो. ही निसर्गाची कूस नव्हे, घरातल्या मोठ्या भावाने नवी खोली बांधून घेतल्यावर धाकट्याला मिळालेली त्याची जुनी खोली आहे. त्यात कमीपणा काही नाही. उलट डोंगरात सायकलींसाठी म्हणून नवी वाट खोदायची ठरवले असते, तर एवढे पूल आणि बोगदे कोणत्याही सरकारने मंजूर केले नसते.

आपल्याकडे वाहनांवाचूनचा डोंगर अगदीच अनोळखी आहे असे नाही. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि नेरळहून १९०७ पासून छोटी गाडी वर जाते. पण माथेरानची शांतता बंदीतून आलेली आहे. बंदी टिकवण्यासाठी सतत भांडावे लागते, कारण मोटारीला तिथे यायचेच असते. पोंतेब्बानाच्या वाटेवर यायची मोटारीला इच्छाच उरलेली नाही, तिला तिच्या सोयीचा रस्ता मिळालेला आहे. आल्प्समधल्या इतर कित्येक वाटांची कथा अशीच आहे. डोलोमाइट पर्वतात दोब्बिआको ते कालाल्त्सो ही अरुंद रेल्वे पहिल्या महायुद्धात सैन्याच्या गरजेपोटी जन्मली, १९५६ च्या हिवाळी ऑलिम्पिकला तिने कोर्तिनात प्रेक्षक आणले आणि १९६४ मध्ये ती बंद पडली. आज तिच्यावरून सायकली जातात. भोर घाटातही खंडाळ्याजवळचे उलटे स्थानक, जिथे गाडी दिशा बदलून पुन्हा चढू लागे, १९२९ मध्ये नव्या आखणीमुळे सुटले. रेल्वेने टाकलेली वाट आपल्याकडेही असते. मात्र आपल्या घाटांमध्ये नवा रस्ता झाला म्हणून जुना रिकामा झाला असे क्वचितच घडते. द्रुतगती मार्ग आला तरी जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरचे ट्रक आहेत तिथेच आहेत.

किउझाफोर्तेच्या जुन्या स्थानकात आता उपाहारगृह आहे. फलाट तसाच आहे, आणि जिथे प्रवासी गाडीची वाट बघत तिथे टेबले मांडलेली आहेत. रुळांच्या जागी सायकली एका ओळीत लावलेल्या, त्यांच्या पिशव्यांना लागलेल्या धुळीवरून कोण उत्तरेकडून आले आणि कोण दक्षिणेकडून याचा अंदाज बांधण्याचा चाळा तिथे बसून करता येतो. मी फ्रिको मागवला: बटाटा आणि मोंतासिओ चीज तव्यावर खरपूस होईपर्यंत परतून केलेली जाड धिरड्यासारखी गोष्ट. चीजला नाव देणारा मोंतासिओ पर्वत, २७५० मीटरांहून उंच, थोडा अलीकडे दोन्या गावाच्या बाजूच्या दरीतून दिसून गेला होता. फलाटावर बसून बटाट्याचा पदार्थ खाणे हे माझ्या कर्जतच्या संस्कारात बसत होते, एवढाच फरक होता की इथे शिट्टी होण्याची घाई नव्हती.

तिथे बसल्यावर कान पुन्हा पुढे आल्याचे ध्यानात आले. फेल्लाचे पाणी पांढऱ्याशुभ्र चुनखडी गोट्यांवरून जाताना हिरवट निळे दिसते हे डोळ्यांना कळलेच होते, पण ते उथळात एका सुरात आणि कपारीत दुसऱ्या सुरात वाजते हे रस्त्यावरून जाताना कळले नसते. कोणाच्या तरी सायकलचे मोकळे चाक टकटक करत जवळ येते, लांबून दोन माणसांचे बोलणे ऐकू येते आणि ती माणसे वळणावरून यायच्या आधीच त्यांची भाषा ओळखता येते. आणि अधूनमधून, वाऱ्याची दिशा बदलली की, वरच्या महामार्गाची गुंजही येते. ती मला नकोशी वाटली नाही. वरच्या त्या पुलावर मालमोटारी होत्या म्हणून खाली मी होतो.

या खोऱ्यातल्या गावांना मात्र हा सौदा तितकासा लाभलेला नाही. पोंतेब्बा आणि तारवीझिओ ही सीमेवर जगणारी गावे होती: कस्टम, रेल्वे, सैनिकांच्या बराकी, पलीकडून खरेदीला येणारे ऑस्ट्रियन. १९९५ मध्ये ऑस्ट्रिया युरोपीय संघात आला, पाठोपाठ सीमेवरची तपासणीच संपली, वाहतूक न थांबता वरून जाऊ लागली आणि बंद खिडक्यांची घरे वाढली. उन्हाळ्यात सायकलवाले येतात, कॉफी पितात, क्वचित मुक्काम करतात. त्याने एखादे स्थानक पुन्हा उघडते. सबंध गाव पोसले जात नाही. डोंगराळ भागात सायकल पर्यटन आणले की गावांचा उद्धार होईल असे सांगणाऱ्यांनी पोंतेब्बाच्या मुख्य रस्त्यावरून ऑक्टोबरात एक चक्कर मारून यावे.

डोंगरही आपला हक्क सोडत नाही. २९ ऑगस्ट २००३ रोजी या वरच्या खोऱ्यात काही तासांत असा पाऊस कोसळला की ओढ्यांनी दगड-मातीचे लोट उगोवित्सा आणि माल्बोर्गेत्तोच्या घरांत आणून टाकले. रेल्वे असताना रूळ पाहणारी माणसे रोज चालत जात. सायकलवाटेला तसा पहारा नसतो, त्यामुळे दरड आली की एखादा टप्पा बंद आणि सायकलस्वार राज्यरस्त्यावर, असे होत असते. मी गेलो तेव्हा मोज्जोच्या पुढे सलग वाट संपत होती आणि वेन्झोनेपर्यंत मोटारींबरोबर जावे लागत होते. थोडेच अंतर, पण कान लगेच मागे गेले.

वेन्झोनेत थांबायलाच हवे. ६ मे १९७६ च्या रात्री फ्रिउलीत झालेल्या भूकंपात हजाराच्या जवळपास माणसे दगावली. वेन्झोने तेव्हा मोडले, आणि जे उभे राहिले होते ते सप्टेंबरच्या धक्क्यांनी पडले. लोकांनी मग ढिगाऱ्यातले दगड उचलून माळावर मांडले, त्यांना क्रमांक दिले, जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले आणि चर्च त्याच दगडांनी पुन्हा रचले. किल्लारीच्या भूकंपाची आठवण असलेल्या मराठी माणसाला इथे वेगवेगळे विचार सुचतील. तिथे गावे नव्या जागी वसली, इथे जुन्याच जागी. चर्चच्या भिंतीवर हात ठेवला तर जुन्या दगडाची झिजलेली कड आणि त्याला लागून भरलेल्या नव्या दगडाची ताजी कड बोटांना वेगळी लागते. कोणी ती लपवलेली नाही.

पुढचे थोडक्यात सांगता येते. जेमोनानंतर डोंगर मागे पडतात, मक्याची शेते सुरू होतात, वाट कालव्यांच्या कडेने आणि खेड्यांमधून उदिनेला पोहोचते. त्यापुढे व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५९३ मध्ये वसवलेले ताऱ्याच्या आकाराचे पालमानोव्हा, मग अक्विलेयाच्या बॅसिलिकेतली चौथ्या शतकातली विस्तीर्ण मोझाइक फरशी, आणि शेवटी खाजणातून गेलेल्या बंधाऱ्यावरून ग्रादो. सगळे पाहण्यासारखे आहे, पण सपाट प्रदेशातली रहदारीमुक्त वाट ही चैन आहे; डोंगरातली ती गरज असते, आणि दोन्हींची गोडी एक नाही.

परतताना मी उदिनेहून ऑस्ट्रियातल्या विल्लाखला जाणारी, २०१२ पासून सुरू असलेली मिकोत्रा नावाची गाडी घेतली. तिच्यात सायकलींसाठी भरपूर जागा असते, तरी उन्हाळ्यातल्या शनिवारी-रविवारी ती भरते, तेव्हा शहाण्याने आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. गाडी कार्निया स्थानकापर्यंत उजेडात जाते आणि मग नव्या बोगद्यांत शिरते. ज्या वाटेवरून येताना मी सबंध दिवस घालवला होता, ती आता या भिंतीपलीकडे कुठेतरी होती. समोरच्या बाकावरच्या जर्मन कुटुंबातला मुलगा खिडकीला नाक लावून नदी शोधत होता आणि त्याची आई त्याला सांगत होती की नदी बाहेर आहे, आपण डोंगरात आहोत. पोंतेब्बाला क्षणभर उजेड आला, फलाट दिसला, दोघे उतरले, आणि गाडी पुन्हा आत गेली.